पडद्यावरचें गाणें आणि घरांतलें गाणें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेंत नोव्हेना आहे, पवित्र साक्रामेंताची मिरवणूक आहे, आजारी माणसांसाठीं मिस्सा आहे, दिवंगत धर्मगुरूंचें स्मरण आहे; आणि या सर्वांच्या मध्यें "सहकुटुंब चित्रपट, दोन सायंकाळीं" अशी एक ओळ आहे. ती वाचून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं आम्हांस विचारिलें, "फादर, हें इथें कसें काय शिरलें?" प्रश्न रास्त होता. त्या वेळीं आम्हीं तो हंसून टाळला. आज त्याचें उत्तर सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

चित्रपट हें साधन नवें नाहीं, आणि ख्रिस्तसभेस तें अपरिचितही नाहीं. पोप अकरावे पायस यांनीं १९३६ सालीं 'विजिलांती कुरा' हें परिपत्रक काढून चित्रपटाचें सामर्थ्य किती आहे आणि त्याकडे सावधपणें पाहणें किती अगत्याचें आहे, हें समजावून दिलें. त्या काळीं चित्रपट पाहावयाचा म्हणजे घराबाहेर पडावें लागे, तिकीट काढावें लागे, आणि अंधारांत कां होईना, दोन्ही बाजूंस माणसें बसलेलीं असत. आतां चित्रपट खिशांत आला आहे. दहा वर्षांचें मूल पांघरुणाखालीं एकटें पडून तो पाहतें. हंसूं आलें तर तें कोणाकडे पाहून हंसणार? मनांत शंका आली तर कोणास विचारणार? आई स्वयंपाकघरांत आपल्या मोबाइलवर, वडील ओट्यावर आपल्या मोबाइलवर, आजी दूरचित्रवाणीसमोर, असे एकाच छपराखालीं चार चार पडदे लागलेले आम्हीं घरांस आशीर्वाद देण्यास गेलों असतां पाहिले आहेत. तेव्हां मुलानें कोणता चित्रपट पाहिला या प्रश्नाइतकाच, तो त्यानें कोणाच्या शेजारीं बसून पाहिला, हाही प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. महोत्सवाच्या वर्षांत निदान एकदां तरी आजीआजोबा, आईबाप व मुलें यांनीं एका पडद्यासमोर बसावें, एवढाच आमचा हेतु होता.

निवडलेला चित्रपट तुम्हांपैकीं पुष्कळांच्या ओळखीचा आहे. 'दि साउंड ऑफ म्युझिक' हें त्याचें नांव. रॉबर्ट वाइज यांनीं दिग्दर्शित केलेला हा संगीतपट १९६५ सालीं प्रसिद्ध झाला आणि वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मिळालेल्या पारितोषिकासह त्यास पांच ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. आपल्याकडे गुलजार यांनीं १९७२ सालीं काढलेला 'परिचय' हा हिंदी चित्रपट पुष्कळसा याच वळणाचा आहे. आजोबांच्या करड्या शिस्तींत कोमेजलेलीं पांच नातवंडें आणि त्यांस हंसावयास व गावयास लावणारा शिक्षक, ही त्याची कथा आमच्या वयाच्या मंडळींस आठवत असेल. मूळ इंग्रजी चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. लहान मुलांस एका बैठकींत तो झेपणार नाहीं, म्हणून आम्हीं तो दोन सायंकाळीं दाखविला.

जे त्या दिवशीं येऊं शकले नाहींत त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. ऑस्ट्रियांतील साल्झबर्ग शहरीं नोनबर्ग नांवाचा बेनेडिक्टाइन भगिनींचा मठ आहे, इ. स. ७१४ च्या सुमारास संत रूपर्ट यांनीं तो स्थापिला. तेथें धर्मभगिनी होण्यासाठीं आलेली मारिया नांवाची एक तरुणी मठाच्या शिस्तींत कांहीं केल्या बसत नाहीं. प्रार्थनेस उशीर, जेवणास मात्र वेळेवर, आणि मध्येंच डोंगरावर जाऊन गाणें. मदर सुपीरियर तिला एका विधुर नौदल कप्तानाच्या घरीं सात मुलांची शिक्षिका म्हणून धाडतात. कप्तान शिट्टी वाजवून मुलांस रांगेंत उभें करितो. मारिया जुन्या पडद्यांच्या कापडाचे त्यांस खेळावयाचे कपडे शिवते, डोंगरावर नेते, गावयास शिकविते. मुलांबरोबर बापाचेंही मन पालटतें, लग्न होतें, आणि हिटलरचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरल्यावर तें सारें कुटुंब रातोरात डोंगर ओलांडून देश सोडतें. ज्युली अँड्र्यूज यांनीं मारियाची व ख्रिस्तोफर प्लमर यांनीं कप्तानाची भूमिका केली आहे.

आतां सभागृहांत काय घडलें तें सांगतों, कारण आमच्या दृष्टीनें खरा कार्यक्रम पडद्यासमोर चालला होता. मुलांनीं नव्या शिक्षिकेच्या खिशांत बेडूक सोडला तेव्हां पुढच्या रांगेंतील मुलांनीं जो आनंदकल्लोळ केला, त्यावरून आमच्या वेदीसेवकांच्या मनांत कोणत्या योजना शिजत असाव्यात याची आम्हांस पुरती कल्पना आली. जेवणाच्या वेळीं मारिया खुर्चींतील काटेरी बोंडावर बसली, तेव्हां मागच्या रांगेंतील आजीबाई मुलांच्याही वर हंसल्या. कप्तानाची शिट्टी वाजली कीं लहान मुलें आपल्या बापाकडे वळून पाहत. आणि कांहीं बाप, आम्हीं स्वतः पाहिलें, खालीं पाहत. पहिल्या सायंकाळीं अर्ध्या तासानें ज्यांचे मोबाइल खिशांतून बाहेर आले होते, त्यांचे दुसऱ्या सायंकाळीं बाहेर आले नाहींत.

चित्रपटाच्या शेवटीं एक विनोदी प्रसंग आहे. नाझी शिपाई कुटुंबाचा पाठलाग करण्यासाठीं आपल्या मोटारी चालूं करूं पाहतात, परंतु मोटारी चालूं होत नाहींत. आणि इकडे दोन धर्मभगिनी मदरसमोर येऊन, आम्हीं पाप केलें आहे, असें सांगून झग्याखालीं लपविलेले मोटारींचे भाग दाखवितात. सभागृहांत टाळ्या पडल्या. पण टाळ्या थांबल्यावर इयत्ता तिसरींतील एका मुलीनें उभें राहून विचारिलें, "फादर, सिस्टरांनीं चोरी केली. मग ती चोरी नाहीं का?"

आम्हांस सेमिनरींतील नीतिशास्त्राचा तास आठवला. आम्हीं तिला सांगितलें कीं, दुसऱ्याची वस्तू त्याच्या रास्त इच्छेविरुद्ध घेणें म्हणजे चोरी. पण निरपराध माणसांस पकडून नेण्यासाठीं जर कोणी एखादी वस्तू वापरूं पाहत असेल, तर ती आपल्या हातीं राहावी ही त्याची इच्छा रास्त म्हणतां येत नाहीं, आणि प्राणसंकट तर दारांत उभें होतें. तिनें थोडा विचार केला आणि विचारिलें, "मग नंतर त्यांनीं परत दिले का?" या प्रश्नाचें उत्तर चित्रपटांत नाहीं आणि आमच्याजवळही नव्हतें. परंतु मंडळीहो, ती मुलगी तोच प्रसंग पांघरुणाखालीं एकटी पाहती, तर हा प्रश्न कोणाच्या कानीं पडता? मुलाच्या मनांत न्याय आणि अन्याय यांची जी पहिली पालवी फुटते, ती अशा प्रश्नांतून फुटते. ती पाहावयास शेजारीं कोणीतरी बसलेलें असावें लागतें.

दुसरी एक गोष्ट. मारिया मुलांस डो, रे, मी हे स्वर शिकविते तो प्रसंग आला, तेव्हां आमचीं मुलें पडद्याबरोबर गाऊं लागलीं. कित्येकांस तें गाणें शाळेंत शिकविलेलें होतें. मध्यंतरांत आम्हीं त्यांस विचारिलें कीं, हीं अक्षरें कोठून आलीं? कोणी म्हणालें इंग्लंडहून, कोणी म्हणालें अमेरिकेहून. तीं आलीं एका मठांतून. अकराव्या शतकांत इटलींत ग्विदो नांवाचे बेनेडिक्टाइन संन्यासी होऊन गेले. अरेत्सो या गांवावरून त्यांस ओळखतात. गायकवृंदांतील मुलांस स्तोत्रें पाठ करावयास फार काळ लागतो, हें पाहून त्यांनीं एक युक्ति योजिली. संत योहान बाप्तिस्ता यांच्या स्तुतीचें एक लॅटिन स्तोत्र होतें, ज्याची प्रत्येक ओळ आधींच्या ओळीहून एक स्वर वर सुरू होई. त्या सहा ओळींचीं आरंभींचीं अक्षरें, उत्, रे, मी, फा, सोल, ला, हींच त्यांनीं स्वरांचीं नांवें केलीं. पुढें सातव्या स्वरास संत योहानांच्या लॅटिन नांवाच्या आद्याक्षरांवरून 'सी' हें नांव मिळालें, आणि 'उत्' गावयास अवघड म्हणून त्याचा 'डो' झाला. आमच्या सा, रे, ग, म प्रमाणेंच हीही एक शिडी. आणि ती मुलांसाठीं, मुलांच्या अडचणी पाहून, एका संन्याशानें बांधली.

या शिडीवरून आपल्या देशांतही पुष्कळ लेकरें वर चढलीं. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त्र लोक मुलांस हीच स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांत तयार झालेले वादक पुढें मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटांतील ज्या नांवाचें गाणें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे, तें अँथनी गोन्साल्विस हें नांव काल्पनिक नव्हे. ते मजोर्डा येथील. त्यांचे वडील तेथील चर्चमध्यें गायकवृंदाचे प्रमुख होते. लक्ष्मीकांत प्यारेलाल या जोडींतील प्यारेलाल त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकले, आणि त्या गाण्यांत गुरूचें नांव गुंफून शिष्यानें आदर व्यक्त केला. सांगावयाचें तें एवढेंच कीं, ज्या गाण्यावर आमचे तरुण लग्नाच्या वरातींत नाचतात, त्या गाण्याचें मूळ एका चर्चच्या माळ्यावर सांपडतें.

असो. चित्रपट संपल्यावर मुलांनीं विचारिलेला सर्वांत मोठा प्रश्न हा: "फादर, ही गोष्ट खरी आहे का?"

तिचें उत्तर, अर्धी खरी, असें आहे. आणि जें अर्धें चित्रपटांत नाहीं तें सांगण्यासाठींच आम्हीं आज उभे राहिलों आहोंत.

मारिया कुत्शेरा या १९०५ सालीं जन्मल्या. नोनबर्गच्या मठांतून त्यांस १९२६ सालीं फॉन ट्राप यांच्या घरीं पाठविण्यांत आलें हें खरें. पण सर्व मुलांसाठीं नव्हे, तर आजारांतून उठलेल्या एकाच मुलीस शिकविण्यासाठीं. मुलांची आई १९२२ सालीं स्कार्लेट फीवर या तापानें वारली होती. लग्न झालें तें १९२७ सालीं, म्हणजे हिटलरनें ऑस्ट्रिया घेण्याच्या दहा वर्षांहूनही अधिक काळ आधीं. आणखी तीन मुलें झालीं, एकंदर दहा. आपण जॉर्ज यांच्याशीं लग्न केलें तें मुलांवरील प्रेमापोटीं, नवऱ्यावर प्रेम मागाहून जडलें, असें मारिया यांनीं स्वतः पुढें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. १९३८ सालीं तें कुटुंब डोंगर ओलांडून गेलें नाहीं. आगगाडीनें इटलीस गेलें. साल्झबर्गच्या त्या डोंगरांपलीकडे जर्मनीच आहे. चित्रपटांतल्याप्रमाणें तीं चालत निघतीं तर थेट वाघाच्या गुहेंत जाऊन पोहोंचतीं! कुटुंबप्रमुख जॉर्ज यांचा जन्म एड्रियाटिक समुद्रावरील झारा या शहरीं झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर तें शहर इटलीकडे गेलें आणि त्यामुळें त्यांस इटलीचें नागरिकत्व होतें. मात्र नाझी आरमारांतील मोठा हुद्दा त्यांनीं नाकारला, आणि हिटलरच्या वाढदिवसास गाण्याचें निमंत्रण कुटुंबानें नाकारलें, हें खरें आहे. घरदार, मानमरातब सर्व सोडून तीं माणसें निघालीं, हेंही खरें आहे.

कप्तानांविषयीं चित्रपटानें अन्यायच केला आहे, असें त्यांच्या मुलांस आयुष्यभर वाटत राहिलें. शिट्टी खरी होती; घर व बाग विस्तीर्ण असल्यानें प्रत्येक मुलास बोलावण्याची निराळी खूण त्यांनीं ठरविली होती. परंतु ते गाण्यावर रागावणारे गृहस्थ नव्हते. ते स्वतः वाद्यें वाजवीत, मुलांस शिकवीत. मारिया त्या घरांत येण्यापूर्वीं तेथें गाणें होतें. बापांनो, हें ध्यानांत ठेवा. त्या घरांत संगीत प्रथम बापानें आणलें होतें.

आतां जें मुख्य तें. चित्रपटांत एक मनुष्य मुळींच नाहीं. त्याच्या जागीं माक्स नांवाचा एक मिष्किल, खादाड, कार्यक्रम ठरविणारा काल्पनिक गृहस्थ घातला आहे. जो वगळला तो एक धर्मगुरू होता. त्यांचें नांव फादर फ्रान्झ वासनर.

१९३० नंतरच्या मंदींत ज्या पेढींत फॉन ट्राप यांचा पैसा होता ती बुडाली. कुटुंबानें नोकर कमी केले, खोल्या भाड्यानें दिल्या, आणि घरांत एक लहान प्रार्थनामंदिर केलें. तेथें मिस्सा करण्यास जे धर्मगुरू आले ते हे वासनर. मारियाच्याच वयाचे, उत्तम संगीतज्ञ. त्यांनीं मुलांचें गाणें ऐकिलें. गाणें बरें होतें. बरें आहे असें म्हणून ते थांबले असते तर पुढील कांहीं घडलें नसतें. त्यांनीं चुका दाखविल्या, पुन्हां गावयास लाविलें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां. दिवसामागून दिवस, आवाजामागून आवाज, त्यांनीं तीं मुलें तयार केलीं. १९३६ सालीं विख्यात गायिका लोटे लेमान यांनीं त्यांचें गाणें ऐकून साल्झबर्गच्या महोत्सवांतील स्पर्धेंत भाग घेण्याचा आग्रह केला, आणि तीं जिंकलीं. देश सोडण्याची वेळ आली तेव्हां फादर वासनर त्यांच्याबरोबर निघाले. अमेरिकेंत गांवोगांव, पुढें अनेक वर्षें, ते त्या गायकवृंदाचे मार्गदर्शक राहिले. युद्धानंतर याच कुटुंबानें आपल्या उद्ध्वस्त मायदेशासाठीं अन्नवस्त्र गोळा करून पाठविलें. जॉर्ज १९४७ सालीं वारले. मारिया यांनीं १९४९ सालीं कुटुंबाची हकिकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तिच्यावरून नाटक झालें व नाटकावरून हा चित्रपट. फादर वासनर १९९२ सालीं देवाघरीं गेले.

चित्रपटानें त्यांस कां वगळलें याचा आम्हांस राग नाहीं. रोज सकाळीं तोच स्वर दहा दहा वेळां घोटून घेणारा मनुष्य पडद्यावर रंगत नाहीं. पडद्यावर मुलें एका दुपारीं गावयास शिकतात. एक गाणें संपेपर्यंत बाग, पूल, पायऱ्या, सारें साल्झबर्ग पालथें घालून येतात. तें पाहून आपल्या मनास आनंद होतो आणि व्हावाही. पण त्यावरून आमच्या घरांत गाणें एका दुपारीं येईल, असें कोणी समजूं नये. तें शेजारीं बसणाऱ्या माणसाच्या धीरानें येतें.

आणि आतां, मंडळीहो, आम्हांस आमचा एक अपराध तुमच्यापुढें सांगावयाचा आहे. ज्याच्याविषयीं तो आहे, त्याच्या परवानगीनें सांगतों.

बावीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरू होतों. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठीं मुलांचा गायकवृंद आम्हीं बसविला होता. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. रोज सर्वांच्या आधीं येई, बांक मांडी, पुस्तकें वांटी, आणि मोठ्यानें, अगदीं मनापासून, चुकीच्या स्वरांत गाई. नाताळ दोन दिवसांवर आला. आम्हांस पाहुण्यांसमोर आपला गायकवृंद उठून दिसावा अशी हौस होती. आम्हीं त्याला बाजूला बोलावून म्हटलें, "बाळ, तूं उभा राहा सर्वांबरोबर, फक्त आवाज काढूं नकोस. नुसते ओठ हलव." त्यानें मान डोलाविली. त्या रात्रीं तो पहिल्या रांगेंत उभा राहिला आणि त्यानें नुसते ओठ हलविले. गायकवृंदाची फार वाहवा झाली. जानेवारीपासून तो आला नाहीं. आम्हीं कां आला नाहींस म्हणून विचारिलेंही नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं तोच मुलगा आपल्या लग्नाचें आमंत्रण घेऊन आमच्याकडे आला. लग्न आम्हींच लावावें अशी त्याच्या आईची इच्छा होती. मिस्सेंत कोणतीं गीतें घ्यावयाचीं म्हणून आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, "तुम्हीच ठरवा, फादर. मी गात नाहीं." आम्हीं सहज विचारिलें, कां रे? तो हंसून म्हणाला, "तुम्हीच सांगितलें होतें ना, नुसते ओठ हलव." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या दिवशीं आम्हीं विषय बदलला. परंतु परवां, तुम्हां सर्वांच्या बरोबर अंधारांत बसलों असतां, कप्तान आपल्या मुलांचें गाणें दारांतून ऐकतो आणि बऱ्याच वर्षांनीं स्वतः गाऊं लागतो तो प्रसंग आला. त्या नटाविषयीं एक गोष्ट आम्हांस ठाऊक होती. चित्रपटांत कप्तानाच्या तोंडीं जें गाणें आहे तो आवाज ख्रिस्तोफर प्लमर यांचा नाहीं. तो बिल ली या पार्श्वगायकाचा आहे. मदर सुपीरियरचें गाणेंही दुसऱ्याच बाईंच्या आवाजांत आहे. पडद्यावरच्या कप्तानानें नुसते ओठ हलविले आहेत! हें मनांत आलें आणि पुढचा चित्रपट आम्हांस नीट दिसला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या तरुणास फोन केला आणि क्षमा मागितली. तो गोंधळला, म्हणाला, "अहो फादर, तें केव्हांचें!" मग थोडा वेळ थांबून म्हणाला, कीं त्यास आतां आठ महिन्यांची मुलगी आहे, रात्रीं झोपत नाहीं, बायको अंगाई गाते, आणि ती दमली कीं हा मुलीस घेऊन नुसत्या येरझारा घालतो. आम्हीं म्हटलें, "आज गाऊन पाहा." तो म्हणाला, "बघतो, फादर." याहून अधिक तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हांसही विचारण्याचा अधिकार नाहीं.

मंडळीहो, फादर वासनर आणि आम्ही, दोघेही धर्मगुरू. त्यांच्यासमोरही चुकणारीं मुलें होतीं. त्यांनीं चूक दाखविली आणि मुलास जवळ बसविलें. आम्हीं चूक लपविली आणि मुलास गमाविलें. आमच्याकडे त्या वेळीं धीर नव्हता, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी बावीस वर्षें दिली.

यावरून मुलांस कधीं चुका दाखवूं नयेत असा अर्थ कोणी घेऊं नये. सध्यां मुलानें तोंड उघडलें कीं वाहवा करून त्याचें चित्रीकरण करावयाचें व नातलगांस पाठवावयाचें, अशी एक चाल पडली आहे. तीही धीर नसल्याचीच खूण आहे. वाहवा करावयास अर्धा क्षण लागतो. स्वर लावून घ्यावयास अर्धा तास बसावें लागतें. मुलाचें म्हणाल तर त्याला आपण कोणाच्या तरी अर्ध्या तासाच्या किंमतीचे आहोंत, हें त्या अर्ध्या तासांत कळतें.

म्हणून या सुवर्णमहोत्सवांत आम्ही तुम्हांकडे तीन गोष्टी मागतों.

पहिली: महिन्यांतून एक सायंकाळ सर्व कुटुंबानें मिळून एक चांगला, हंसताखेळता चित्रपट पाहावा. एकच पडदा असावा. मुलानें मध्येंच प्रश्न विचारिला तर चित्रपट थांबवावा. प्रश्न पुढें ढकलूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं म्हणावें. आम्हांसही त्या मोटारीच्या भागांचें अद्याप ठाऊक नाहीं.

दुसरी: रात्रीं रोजरी झाल्यावर एक गीत, निदान एक कडवें, सर्वांनीं मिळून गावें. यंत्रावर लावूं नये, गावें. आणि विशेषेंकरून बापांनीं गावें. आमच्या समाजांत बायका गातात आणि पुरुष चर्चच्या मागच्या भिंतीस टेकून उभे राहतात, ही रीत फार जुनी आहे, पण पवित्र नाहीं.

तिसरी मागणी आम्ही स्वतःकडेच करितों. मुलांच्या गायकवृंदांत यापुढें कोणत्याही मुलास नाकारलें जाणार नाहीं, आणि कोणासही ओठ हलविण्यास सांगितलें जाणार नाहीं. ज्यांचा स्वर लागत नाहीं त्यांच्यासाठीं दर शनिवारीं सायंकाळीं आमचे ऑर्गनवादक आणि आम्ही एक तास जास्त बसूं. महोत्सवाच्या मिस्सेंत कांहीं स्वर इकडेतिकडे गेले तर पाहुण्यांनीं क्षमा करावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनाविधीविषयींच्या आपल्या संविधानांत श्रद्धावंतांच्या सामुदायिक गायनास उत्तेजन दिलें आहे. ज्यांचे आवाज तयार आहेत त्यांनींच तेवढें गावें, असें तेथें कोठेंही म्हटलेलें नाहीं. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं प्रवेशगीत, अर्पणाचें गीत व शेवटचें गीत सर्व लोकांनीं गावयाचें आहे. गायकवृंद साथ करील.

पन्नास वर्षांपूर्वीं येथें चर्चची इमारत उभी राहण्यापूर्वीं, तुमच्या आजीआजोबांनीं मांडवाखालीं उभें राहून पहिली मिस्सा गाइली, असें आम्हीं ऐकिलें आहे. ध्वनिक्षेपक नव्हता, वाद्यें नव्हतीं. त्यांच्यांत किती जणांचा स्वर बरोबर होता, हें कोणी लिहून ठेविलेलें नाहीं.

प्रभु तुमच्या घरांस, तुमच्या मुलांस आणि तुमच्या आवाजांस आशीर्वाद देवो. येत्या शनिवारीं पांच वाजतां माळ्यावर या. लहानांनीं यावेंच, मोठ्यांपैकीं ज्यांस पूर्वीं कधीं कोणी गप्प बसविलें असेल, त्यांनींही यावें. बांक आम्ही मांडून ठेवूं.